सातव्या रिळातले अकरा सेकंद

राज्य पुरस्कारांची यादी पेपरात आली त्या दिवशी सकाळी मी इंदापूरच्या एसटी स्टँडवर होतो. १९९६ सालचा मे महिना. पेपरवाल्याने गठ्ठ्याची सुतळी तोडली तेव्हा त्याच्याभोवती दहा-बारा माणसे उभी होती. एरवी त्या वेळेला तिथे दोघे-तिघे असतात. आम्ही सगळे 'पाण्यावरची वरात' या सिनेमाला काय मिळाले ते बघायला आलो होतो.

तो सिनेमा आमच्या भागातला. निर्माते मानसिंगराव मूळचे पणदऱ्याचे, त्यांचा दुधाचा आणि पशुखाद्याचा धंदा बारामतीत. शूटिंग झाले इंदापूरजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. होड्यांतून निघालेली एक वरात आणि त्या वरातीत दोन घरांची जुनी भांडणे, एवढीच गोष्ट. पण गाणी अकरा, आणि अकराच्या अकरा लोकांच्या तोंडात बसलेली. लग्नात बँडवाले तीच वाजवत होते. पुण्याच्या एका पेपरात छापून आले होते की यंदा उत्कृष्ट चित्रपट, संगीत आणि गायिका या तिन्ही पुरस्कारांत या सिनेमाचे नाव पुढे आहे. ते कात्रण स्टँडवरच्या चहावाल्याने काचेला चिकटवून ठेवले होते.

एका मास्तरांनी यादी मोठ्याने वाचली. उत्कृष्ट चित्रपट, दुसराच. संगीत, दुसऱ्याच सिनेमाला. गायिका, तीही दुसरीच. खाली वेशभूषेपर्यंत वाचून झाले.

"गुरुजी, परत बघा की. खाली बारीक अक्षरात आसंल," एक जण म्हणाला.

"खाली खताची जाहिरात हाय," गुरुजी म्हणाले आणि पेपर घडी करून त्यांनी बगलेत मारला.

कुणी सरकारला शिव्या घातल्या, कुणी मुंबईला घातल्या. चहावाला म्हणाला, "आपलं कात्रण आता काढू का ऱ्हाऊ द्यू?" मी तिथून निघालो. घरी आलो आणि पायातल्या चपला न काढता दारातल्या पायरीवर बसलो. तो सिनेमा माझ्यामुळे पडला, असे मला वाटत होते. का वाटत होते ते सांगतो.

माझे नाव ज्ञानदेव. तंबू टॉकीजवर मी सत्तावीस वर्षे ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे सिनेमाचे मशीन चालवणारा. आमचा तंबू दिवाळीनंतर लागायचा आणि पावसाच्या तोंडाला निघायचा. कधी इंदापुरात, कधी जत्रा असेल त्या गावात. सिनेमाची प्रिंट डब्यांतून यायची. एका डब्यात एक रीळ, चौदा-पंधरा डब्यांची एक पेटी. एका तंबूवरून दुसऱ्या तंबूवर ती पेटी एसटीच्या टपावरून जायची आणि तिच्याबरोबर मालकाचा माणूस जायचा.

आमच्या धंद्यात एक वाईट चाल होती. रिळातली पट्टी तुटली की ती जोडावी लागते आणि जोडताना एक-दोन फ्रेम, म्हणजे पट्टीवरची चित्रे, कापाव्या लागतात. ते ठीक. पण पुष्कळ ऑपरेटर त्या निमित्ताने नाचाचे तुकडे काढून ठेवायचे. काहींना तंबूचे मालकच सांगायचे की दोन गाणी उडव, म्हणजे तिसरा खेळ बसतो. चार गावे फिरलेल्या प्रिंटमध्ये नायिका विहिरीवर निघायची आणि एकदम लग्नातच उभी राहायची. मी असे कधी केले नाही. माझ्या हाताखालून गेलेली प्रिंट आली तेवढीच परत जायची. एवढी एकच गोष्ट मी लोकांना छाती काढून सांगत असे. केसरबाई त्यावरून चिडवायची.

"अवो, लोकांचा सिनेमा जपता, आन् घरातला कंदील तीनदा फोडला," ती म्हणायची.

केसरबाई माझी बायको. ती आमच्या वस्तीतल्या बायकांच्या गायन पार्टीत होती. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची गाणी म्हणायला त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणे यायचे. १९९४ च्या फेब्रुवारीत शूटिंगवाले आले आणि त्यांना नावेत बसायला नऊ बायका पाहिजे होत्या. गाणे मुंबईच्या बाईंनी आधीच म्हटलेले होते, यांनी फक्त ओठ हलवायचे होते. पण ठेका चुकता कामा नये. म्हणून गायन पार्टीतल्या बायका घेतल्या. चार दिवस त्या नावेत बसल्या. रोज हिरवे लुगडे, रोज तेच गाणे.

चौथ्या दिवशी दुपारी मी भाकरी घेऊन गेलो. दिग्दर्शकाने बायकांना बजावले होते की काहीही होवो, कॅमेऱ्याकडे बघायचे नाही. मी नेमका कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिलो. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. मशीनवाला माणूस, मला कॅमेरा बघायचा होता. नाव पुढे आली आणि केसरबाईने मान वळवून सरळ माझ्याकडे बघितले. बाकी आठ बायकांचे ओठ गाणे म्हणत होते. तिचे ओठ म्हणाले, "जेवलात का?"

दिग्दर्शक ओरडला. पण मग ढग आला, ऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना परत जायचे होते. तोच तुकडा सिनेमात राहिला.

दोन वर्षे ती विचारत होती, "माझं त्वांड ठिवलंय का काढून टाकलं वो?" मी म्हणायचो, आपल्या तंबूत येईल तेव्हा बघ. १९९५ च्या दिवाळीला सिनेमा पुण्यात लागला. आमच्याकडे यायचा होता फेब्रुवारीत. जानेवारीच्या एकोणीस तारखेला सकाळी तिच्या छातीत दुखू लागले. शेजाऱ्यांची जीप आणली. जीप रस्त्याला लागायच्या आधी ती गेली. वय बावन्न.

आमच्यात पुण्यानुमोदनाच्या दिवशी भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांच्या खाली गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात. आमच्या घरात केसरबाईचा फोटो नव्हता. माझी मुलगी दिशा, ती इंदापुरात शाळेवर आहे, तिने सगळी पेटी उपसली. मिळाले ते मतदानाचे ओळखपत्र. त्यात केसरबाईचे डोळे मिटलेले. फोटोग्राफर म्हणाला, "तात्या, हा मोठा केला तर झोपलेल्या बाईचा फोटो हुईल." मग आम्ही फोटोशिवायच विधी केला. भंतेजींनी काही म्हटले नाही. पण आलेली माणसे मेणबत्तीकडे बघायची, मग भिंतीकडे बघायची. दिशा आत जाऊन बसली.

तीन आठवड्यांनी तंबूत 'पाण्यावरची वरात' लागला. सहा दिवस, बारा खेळ. पहिल्या खेळाला दिशा बायकांच्या बाजूला बसली होती. सातव्या रिळात नाव पुढे आली, केसरबाईने मान वळवली, आणि तंबूत दिशाची हाक ऐकू आली, "आई!" लोकांनी तिला गप्प केले. मी मशीनच्या भोकातून बघत होतो. पडद्यावर ती दहा फूट उंच होती. तिने मला विचारले, जेवलात का.

बारा खेळ झाले. बाराही वेळा तिने विचारले.

प्रिंट जायच्या दिवशी सकाळी मी रिळे उलटी गुंडाळत होतो. फोटोग्राफरने मला आधीच सांगितले होते की एक फ्रेम आणून दिली तर तिच्यावरून फोटो काढता येईल. एक फ्रेम गेलेली कुणाला कळत नाही. मी तेवढ्यासाठीच सातवे रीळ उघडले. पट्टी उजेडापुढे धरली आणि कोणती घ्यावी ते बघू लागलो. एकीत मान अर्धी वळलेली. एकीत ओठ बंद. एकीत हसू यायला लागलेले. ही घेतली तर ती राहते, ती घेतली तर ही राहते. मान वळायला लागते तिथपासून नाव निघून जाते तिथपर्यंत अकरा सेकंद होते. साडेसोळा फूट. मी ते सगळे कापले. दोन्ही टोके खरवडली, पट्टी चिकटवायचे सिमेंट लावले, दाबून धरले. जोड चांगला बसला.

तुकडा मी घरी नेला आणि केसरबाईच्या दोऱ्यांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला.

फक्त तिचे चित्र गेले असते तर एक वेळ चालले असते. पण पट्टीवर आवाज चित्राच्या वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. चित्र कापले की पुढचा आवाज जातो. तिच्या पाठोपाठ गाण्याची मुख्य ओळ होती, 'नावेत बसली नवरी, पाण्याला लागली हळद.' मुंबईच्या बाई तो 'नावेत' असा उचलायच्या की आमच्या तंबूतली बिडी ओढणारी माणसे बिडी खाली धरायची. माझ्या कापण्यात नेमका तो शब्द गेला. गाणे एकदम 'बसली नवरी' वर येऊन आदळत होते. मला हे कापायच्या आधी माहीत होते. सत्तावीस वर्षे मशीन चालवणाऱ्याला हे माहीत नसते असे कोण म्हणेल? तरी मी कापले.

दुपारी मानसिंगरावांचा माणूस पेटी न्यायला आला. त्याचे नाव महिपती. गाव सोमेश्वरनगरकडचे, वय पस्तिसेक. पेट्या घेऊन जिल्हाभर फिरणारा, बोलायला एक नंबर.

"तात्या, एक खबर हाय," तो म्हणाला. "ही पेटी आता दुसऱ्या तंबूला न्हाय जायची. सरळ मुंबई. पुरस्काराच्या परीक्षकांना हीच दावायची."

"हीच का?" मी विचारले. "चार प्रिंटा हायत की."

"चार हायत, पण मालक म्हणाले, ज्ञानदेवरावांच्या हातनं आलेली पाठव. ती कोरी असती."

मी तिथेच सांगायला पाहिजे होते. घर दोन मिनिटांवर होते. तुकडा आणून अर्ध्या तासात जोडून दिला असता. पण महिपती घाईत होता आणि माझी जीभ उचलली नाही. त्याने पेटी टपावर चढवली. मी खालून हात लावला.

त्यानंतरचे तीन महिने लोकांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पुरस्कार मिळणार का, किती मिळणार. स्टँडवर माझे मत विचारायचे, कारण मी ऑपरेटर.

"तात्या, तुमाला काय वाटतंय?"

मी खरे तेच सांगायचो. गाणे लागले की माणसे लघवीला आणि बिडीला उठतात, हे मी सत्तावीस वर्षे बघत होतो. कितव्या गाण्याला किती उठले यावरून मी सिनेमा चालेल का ते सांगत असे. या सिनेमात अकरा गाण्यांत कुणी उठले नाही. सहाव्या दिवशीही नाही. त्या हिशेबाने पुरस्कार यायला पाहिजे होता.

"म्हंजे नक्की!" लोक म्हणायचे.

मी म्हणायचो, "परीक्षक काय बिडीला उठत नसतील." ते हसायचे. मला वाटायचे, ते बसलेले असतील, सातवे रीळ आले असेल, आणि गाणे आदळले असेल.

आता परत त्या मे महिन्याच्या सकाळकडे येतो. मी पायरीवर बसलो होतो. दिशा बाहेर आली. शाळेला सुट्टी होती.

"काय झालं, बाबा? मिळालं का काही?"

"न्हाय. एक बी न्हाय."

"जाऊ दे. तुमचा का चेहरा उतरला? निर्माते तुम्ही का मानसिंगराव?"

मी आत गेलो, दोऱ्यांचा डबा आणला आणि तिच्या हातात दिला. तिने तुकडा बोटांनी थोडा उलगडून खिडकीपुढे धरला. बराच वेळ बघितला. तिला वाटले मी एक-दोन फ्रेम आणल्या असतील. पट्टी संपेचना तेव्हा तिने माझ्याकडे बघितले. मी तिला सगळे सांगितले. 'नावेत' गेल्याचेही सांगितले.

ती रडली नाही. तुकडा नीट गुंडाळून तिने डब्यात ठेवला.

"बारामतीला जा," ती म्हणाली. "आजच जा. सांगून टाका."

"काय तोंडानं सांगू?"

"आहे त्याच. आणि जेवून जा. आईनं तेवढंच विचारलं असतं."

मी जेवून निघालो. डबा धोतराच्या कनवटीला बसत नव्हता म्हणून पिशवीत घेतला. एसटीत मी मनात वाक्ये जुळवत होतो. बारामती येईपर्यंत एकही जुळले नाही.

मानसिंगरावांचे पशुखाद्याचे गोदाम भिगवण रस्त्याला होते. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. आडव्या बांध्याचे, पांढऱ्या मिशांचे, बनियन आणि धोतर. बाजूला एका टेबलावर महिपती रिळे तपासत होता. पेंडीच्या पोत्यांमागे सिनेमाचे डबे रचलेले.

"या, ऑपरेटर," मानसिंगराव म्हणाले. "मयतीला आल्यागत तोंड करून येऊ नका. सकाळपासनं तसलीच तोंडं बघतोय. चहा घ्या."

"चहा नको, मानसिंगराव. आधी बोलायचं हाय."

"बोला की."

"तुमचा पुरस्कार माझ्यामुळं गेला," मी म्हणालो, आणि डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. मग जसे आठवेल तसे सांगितले. फोटो नव्हता ते सांगितले. एक फ्रेम पुरली असती आणि एकीने काही फरक पडला नसता, ते सांगितले. महिपतीने प्रिंट मुंबईला जाणार म्हणून सांगितले तेव्हा मी गप्प बसलो, तेही सांगितले. बोलून झाल्यावर मी खाली बघत उभा राहिलो.

 मानसिंगरावांनी महिपतीकडे बघितले. महिपती टेबलावर वाकून उगाच फडक्याने काच पुसत होता.

"म्हादू," मानसिंगराव म्हणाले. लाडात ते त्याला म्हादू म्हणत. "इंदापूरची पेटी भिजली म्हणून सांगितलंतास मला. म्हणून तीन नंबरची प्रिंट पाठवली म्हणालास."

"व्हय," महिपती म्हणाला.

"भिजली हुती का?"

"न्हाय."

मला काही उलगडेना. महिपती उठून माझ्याजवळ आला.

"तात्या, मुंबईला धाडायच्या आधी मी प्रत्येक रीळ हातावरनं सोडतो. माझं कामच हाय ते. सातव्यात अंगठा थांबला. बाकीच्यांचा जोड बोटाला बोचतो. हा बोचत न्हाय, नुसता हाय म्हणून कळतो. आख्ख्या जिल्ह्यात आसला जोड एकच माणूस लावतो. मी मागं-पुढं बघितलं, नावंचं गाणं. वयनी दिसंनात. मग मला काय इचारायला लागतंय व्हय?"

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? म्हैनाबी झाला नव्हता वयनींना जाऊन. ही प्रिंट तशीच सोमेश्वरनगरच्या तंबूवर सोडली. तितली तीन नंबर उचलली आन् मुंबईला गेलो."

मानसिंगराव म्हणाले, "आन् मला म्हणाला भिजली! मी चार दिवस एसटीवाल्यांच्या नावानं बोंबलत हुतो."

"तुमी बोंबलायला मोकळंच हुता, मालक."

मला त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची भीती वाटत होती. मी विचारले, "तीन नंबर पूर्ण हाय का?"

"बघा की. परवाच परत आलीया मुंबईवरनं."

त्याने पोत्यांमागून डबा ओढला. झाकणावर खडूने तीन लिहिलेले, कडेला मुंबईच्या थिएटरची चिठ्ठी. आम्ही सातवे रीळ टेबलाच्या दांडीवर लावले. मधे काच होती, काचेखाली बल्ब. मी हळूहळू पट्टी ओढली. आधी पाणी, मग नावा, मग हिरवी लुगडी. प्रिंटवर ओरखडे होते, पावसाच्या रेघांसारखे. मग मान वळायला लागली. मी फ्रेम फ्रेम पुढे नेली. ती होती. सगळी होती. अकरा सेकंद पूर्ण, मधे कुठे जोड नाही. परीक्षकांनी तिला बघितले होते. 'नावेत' ऐकले होते.

मी टेबलाची कड धरली.  महिपतीने पेंडीचे एक पोते पुढे सरकवले आणि मी त्यावर बसलो. तीन महिन्यांत मला पहिल्यांदा पोटभर श्वास आला. पेंडीच्या वासाचा होता, तरी बरे वाटले. चहा आला तो मी दोन कप प्यालो.

मग मला एक शंका आली. "पर ओरखडं? माझी पेटी कोरी हुती. माझ्यापायी वरबडलेली गेली."

"ज्ञानदेवराव," मानसिंगराव म्हणाले, "ओरखड्यावरनं कुणी हरत न्हाय. तो जिंकलेला सिनेमा मी मुंबईत बघितलाय. मधल्या सुट्टीत समोसा आणला हुता. तो हातात तसाच गार झाला. खायचं ध्यानात ऱ्हायलं न्हाय. तवाच मला कळलं, आपलं काय खरं न्हाय. घरी येऊन बोललो न्हाय कुणाला, एवढंच."

"म्हंजे तुमाला आधीच ठावं हुतं?"

"व्हय. आपली गाणी अकरा, गोष्ट चतकोर. त्यांची गाणी दोन, आन् गोष्ट भाकरीएवढी. आपला सिनेमा चांगला हाय. त्यांचा जास्त चांगला हाय. गप्पा मारणारे लोक रोज मला आधीच हार घालत हुते. भाषण कर म्हणत हुते. बायकोनं मुंबईला जायला शालू काढून ठिवलावता. आज यादी आली आन् मी निवांत झोपलो. नऊ वाजता उठलो."

महिपती म्हणाला, "म्हणूनच आज धार काढायला उशीर."

"गप ए. सिनेमा भिजवणारा!"

आम्ही तिघे हसलो. मी केसरबाई गेल्यापासून हसलो नव्हतो. हसल्यावर मला जरा चोरट्यासारखे वाटले, पण तेवढ्यापुरतेच.

निघताना मी दोऱ्यांचा डबा मानसिंगरावांकडे सरकवला. तुकडा त्यांचा होता, सिनेमा त्यांचा होता. त्यांनी डबा उघडून बघितला नाही.

"हे मला देऊन काय उपेग? माझ्याकडं कोण जोडणार हाय? म्हादू जोडंल तर दगडागत जोडंल." त्यांनी महिपतीकडून दोन नंबरच्या पेटीतले सातवे रीळ मागवले, जे मी कापले होते ते. डब्यासकट माझ्या हातात दिले. "घरी न्या. फोटोपुरती एक फ्रेम काढून घ्या. बाकी जोडून पुढल्या हंगामाच्या आत पाठवा. घाई न्हाय."

"एक फ्रेम कमी येईल मग."

"एकीनं काय फरक पडतोय? तुमीच म्हणालात की."

संध्याकाळच्या एसटीने मी इंदापूरला आलो. रिळाचा डबा मांडीवर होता, दोऱ्यांचा डबा त्याच्यावर. शेजारच्या माणसाने विचारले, काय आहे? मी म्हटले, सिनेमा. त्याला ती थट्टा वाटली.

दिशा दारात वाट बघत होती. मी म्हणालो, "ती मुंबईला गेली हुती. परीक्षकांनी पूर्ण बघितली तिला." दिशा आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसले.

फ्रेम तिनेच निवडली. मला जे मिनिटे मिनिटे लावूनही जमले नव्हते ते तिने खिडकीपुढे उभे राहून एका झटक्यात केले. मान पूर्ण वळलेली, ओठ अर्धवट उघडे. फोटोग्राफरने तिच्यावरून निगेटिव्ह करून मोठा फोटो काढला. तो जरा खरखरीत आला आहे, पण डोळे उघडे आहेत. पहिल्या वर्षाच्या पुण्यस्मरणाला तो भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांच्या खाली ठेवला. आलेल्या बायकांपैकी दोघी त्या नावेत होत्या. त्यांतली एक फोटो बघून म्हणाली, "ही तवा गाणं म्हणतच नव्हती बघ. काय बोलत हुती कुणास ठाव." मी तिला सांगितले नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षे होत आली. तंबू गेल्या साली बंद झाला. महिपती अधूनमधून येतो, चहा घेतो आणि जाताना विचारतो, "तात्या, जोडला का?" दोन नंबरची पेटी सातव्या रिळाशिवाय गोदामात पडून आहे. मानसिंगरावांनी अजून एकदाही निरोप पाठवलेला नाही. सिमेंटची नवी बाटली मी पुण्याहून आणून ठेवली आहे. पट्टी खरवडायचे पाते साफ करून ठेवले आहे.

रीळ कपाटावर आहे. तुकडा दोऱ्यांच्या डब्यात आहे. जोडायचा राहिला आहे.